मैदानात चार होते

"आता तू मोकळी झालीस." मुलं घराबाहेर पडल्यावर पहिल्या तीन महिन्यांत हे वाक्य मला चौदा जणांनी ऐकवलं. मी मोजलं, कारण तिसऱ्याच वेळी मला संशय आला होता. हे म्हणणारा प्रत्येक जण पुढच्या वाक्यात काहीतरी मागत होता.

मुलगी पुण्याला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. तिच्यानंतर अकरा आठवड्यांनी मुलगा बडोद्याला कंपनीत शिकाऊ म्हणून गेला. रोह्यातल्या आमच्या दोन खोल्यांत नवरा आणि मी उरलो. नवरा कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलणारा. पहिली मागणी थोरल्या जावेची आली. ती गावी असते, खांबच्या अलीकडे आत गेलं की आमचं गाव. "नातीला तुझ्याकडं ठेवते गो शाळेला. तुला तरी काय काम हाय आता?" मग नणंद: "आईला आता वहिनीकडंच राहू दे." मग शेजारीण, भजनी मंडळात पेटी उचलायला बाई कमी पडत होती म्हणून. नवऱ्याने सुचवलं की पोह्याचे पापड लाट, वेळ जाईल. माझा वेळ जात नाही असं मी कोणाला म्हटलं नव्हतं.

सासूबाई सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने थोरल्या जावेकडे, हे मी मान्य केलं, कारण ते न्यायाचं होतं. उरलेल्या तेरा जणांना नाही म्हटलं. एकदा नाही म्हटल्यावर माणसं किती लवकर वाईट बोलायला लागतात, हे तेव्हा कळलं. जावेला चार दिवस पुरले.

मोबाइलवर त्याच सुमारास बायकांच्या गटात संदेश फिरत असत. मुलं मोठी झाली, आता आईने स्वतःला शोधावं, आणि खाली गुलाबाचं चित्र. मला त्या संदेशांचा राग येई. मी हरवले नव्हते. चोवीस वर्षं त्याच ओट्यापाशी उभी होते. कोणाला शोधायचं असतं तर लांब जावं लागलं नसतं.

माझं माहेर पेणच्या बाजूला, गडबजवळ. शाळेपासून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी कबड्डी खेळले. जागा उजवा कोपरा. चढाई करणारी आत आली की तिचा पाय धरायचा, हे कोपऱ्याचं काम लोकांना दिसतं. दुसरं काम दिसत नाही, ते मोजण्याचं. आपल्या किती उभ्या आहेत, त्यांच्या किती बाहेर बसल्या आहेत. कोपऱ्यातून सगळं मैदान दिसतं, आणि कोपऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही. आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आकडा चुकला तर पकड चुकते.

लग्न ठरताना सासरहून एकच चौकशी आली होती. "पोरगी अजून चड्डी घालून खेळते काय?" वडिलांनी सांगितलं, "नाय, सोडलं तिनं." मी त्याच दिवशी सकाळी खेळून आले होते. गुडघा सोललेला होता, म्हणून मांडी घालून बसता येत नव्हतं, आणि पाहुण्यांना वाटलं मुलगी लाजते.

मुलं गेल्यानंतरच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा पेणच्या बाजारात आमच्या संघाचा डावा कोपरा भेटला. ती आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिने मोकळी-बिकळी काही म्हटलं नाही. म्हणाली, "पंच परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. बसतेस काय? तुझा आकडा पक्का होता." चौदा जणांनंतर ही पहिली बाई, जिने माझ्याकडे माझीच गोष्ट मागितली.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो हसला. "आई, तू शिट्टी मारणार?" मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "आणि पप्पांच्या जेवणाचं?" तिला मी वाढवलं होतं. पप्पांना भात लावता येत नाही, ही माहिती तिला माझ्याकडूनच गेलेली असणार, म्हणून तो राग मी निम्मा स्वतःवर काढला. नवरा म्हणाला, "वय काय आणि परीक्षा कसली?" मी वय सांगितलं, सत्तेचाळीस, आणि परीक्षेचा विषयही सांगितला. त्याने दोन्ही विचारलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

परीक्षेला एकेचाळीस जण होतो, त्यांत तीन बायका. मला शंभरात अठ्ठ्याऐंशी मिळाले. शिट्टी घेऊन मैदानावर धावायला माझा गुडघा तयार नव्हता, म्हणून मी गुणलेखकाचं काम मागून घेतलं. गुणलेखक टेबलाशी बसतो. पंच बोटाने खूण करतात, तितके गुण तो पत्रकावर ओळीने छापलेल्या आकड्यांतून खोडत जातो. सामना संपला की त्या पत्रकावर त्याची सही होते आणि निकाल तोच. फळ्यावर काय लावलंय, माइकवर कोण काय ओरडलं, याला किंमत नाही. मी स्वतःची एक सवय जोडली. प्रत्येक चढाईला बचाव करणारे किती उभे आहेत, तो आकडा समासात लिहायचा. बरोबरचे लोक हसायचे. "बाई जनगणना करतात," असं एकजण म्हणाला. मी लिहीत राहिले.

दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या गावच्या स्पर्धेचं टेबल माझ्याकडे आलं. मी तालुक्याच्या मुख्य पंचांना आधीच सांगितलं, हे माझं सासर आहे, गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष माझे थोरले दीर आहेत, दुसरं कोणी बघा. ते म्हणाले, "त्या दिवशी तीन ठिकाणी सामने आहेत. दुसरं माणूस कुठून आणू? तुम्हीच जा."

गावात मात्र आनंद झाला. थोरले दीर माझ्याशी बोलत नाहीत. आमच्याकडे ती रीत आहे, थोरला दीर धाकट्या भावजयीला समोरून बोलत नाही. काही सांगायचं असलं तर भिंतीला किंवा भावाला सांगतो. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, मी दोन हातांवर भाजी चिरत असताना: "हिला सांग, घरचं माणूस टेबलाला असलं की बरं असतं." नवऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मला ऐकू आलं नसेल.

आमच्या गावी स्पर्धा असली की बाहेरच्या संघांचं जेवण गाव करतं. मटण मंडळाचं, भाकऱ्या घरांच्या. घरामागे पंचवीस. आमचं घर आणि जावेचं घर वेगळं धरतात, म्हणजे माझ्या वाट्याला स्वतंत्र पंचवीस. मी शनिवारी संध्याकाळीच गावी गेले आणि रविवारी पहाटे पाचला चुलीपुढे बसले. तांदळाच्या भाकरीला उकड चांगली मळावी लागते, घाई चालत नाही. जाऊ शेजारच्या चुलीवर होती.

"मास्तरीण बाय, आज साडी नेसणार का प्यांट?"

"सलवार-कुडता."

"बापयांच्यात बसणार चार तास?"

"टेबलाशी बसणार."

"तेच गो. टेबल बापयांच्यातच हाय ना." मग माझ्या टोपलीकडे बघून: "किती झाल्या?"

"पंचवीस."

"मोजून पंचवीसच? एकादी जास्त टाकली तर हात झिजतो काय तुझा?"

मी म्हटलं, "तुझ्या तेवीस आहेत." तिने मोजल्या. तेवीस होत्या. त्यानंतर ती दिवसभर बोलली नाही, ती शांतता मला आवडली.

अंतिम सामना चारला सुरू झाला. आमचं गाव विरुद्ध पेणकडचा, खाडीकाठचा एक संघ. मंडपात पाहुण्यांच्या खुर्च्या, तिथे दीर, त्यांच्या शेजारी माझा नवरा. पहिला अर्धा भाग शांत गेला. शेवटची सहा मिनिटं उरली तेव्हा आमचे चोवीस होते, त्यांचे सव्वीस.

यापुढचं नीट सांगते, कारण सगळं भांडण यावरच झालं. चढाई करणाऱ्याला पकडलं की एक गुण. पण बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी उरले असताना पकडलं, तर एक गुण जास्त. तिला अव्वल पकड म्हणतात. त्या चढाईच्या वेळी आमच्या गावाचे चारजण मैदानात होते. तिघं मध्ये साखळी करून उभे होते. चौथा डाव्या कोपऱ्यात, अगदी मागच्या रेषेपाशी, एक गुडघा टेकून नी-कॅप वर ओढत होता. त्याच्या मागे प्रेक्षक दोरीपर्यंत सरकून बसलेले, त्यामुळे तो त्यांच्यातलाच एक दिसत होता. मी मैदान मोजायला कोपऱ्यापासूनच सुरुवात करते. समासात चार लिहिलं.

मधल्या तिघांनी त्यांचा चढाई करणारा उचलून आपटला. गावाने आभाळ डोक्यावर घेतलं. माइकवर आमच्या भावकीतलाच एकजण होता, तो किंचाळला, "अव्वल पकड! अव्वल पकड!" फळ्यावरच्या मुलाने दोन आकडे पुढे लावले, सव्वीस. पंचांनी एकच बोट वर केलं होतं. ते मी बघितलं आणि एक गुण खोडला, पंचवीस. हात वर करून फळ्याकडे खूण केली. गोंधळात कोणी बघितलं नाही. पंचांनी शिट्टी दिली आणि पुढची चढाई आली.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा फळ्यावर आमचे एकतीस, त्यांचे तीस. पोरं मैदानात लोळत होती. गुलालाची पिशवी फुटली. माझ्या पत्रकावर तीस-तीस होते.

मी पंचांना बोलावून पत्रक दाखवलं. पंच रोह्याकडचा, नवा, तिशीचा. त्याने पत्रक बघितलं, मग गर्दी बघितली. "ताई, मी तेव्हा एक दाखवला की दोन, मला आता नक्की आठवत नाही."

"मला आठवतं. लिहिलेलं आहे."

तोवर टेबलाभोवती कडं झालं होतं. माइकवाला आला. "वयनी, एका गुणानं काय होतंय? खोडा अजून एक."

"मैदानात चार होते."

"तीन होते! अख्ख्या गावानं बघितलं तीन."

"कोपऱ्यात एकजण गुडघ्यावर होता."

"कोण? कोण होता? ओ, कोण होता कोपऱ्यात?" ज्याने नी-कॅप ओढली होती तो चार हातांवर उभा होता, गुलालाने भरलेला. त्याने खाली बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बाय पेणची हाय, पेणकडंच ओढणार." दुसरा म्हणाला, "बायकांना टेबलाला बसवला कोणी?" मी वर बघितलं नाही, पण आवाज ओळखला. माझ्या पंचवीस भाकऱ्यांतल्या त्याने दुपारी निदान तीन खाल्ल्या असतील.

नवरा आला. वाकून हळू म्हणाला, "सोड ना गो. कर सही. घरी बोलू."

"घरी काय बोलायचं? पत्रक इथं आहे."

मग गर्दी बाजूला झाली आणि थोरले दीर टेबलासमोर उभे राहिले. त्यांनी भावाकडे बघितलं नाही, भिंत तिथे नव्हतीच. माझ्याकडे बघितलं.

"तू या घरची हायस का नाय? सही कर एकतीसवर."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यांनी मला समोरून बोललेली ही पहिली दोन वाक्यं. मी पेन टेबलावर ठेवलं. सही एकतीसवर केली असती तर घरी कोणी मला शब्दाने दुखवलं नसतं, हे खरं. पण त्यानंतर मी त्या टेबलाशी कशासाठी बसले असते? पापडच लाटले असते.

मी बसूनच बोलले, मोठ्याने, कारण पेणकडचा संघही ऐकत होता.

"तुम्ही म्हणता तीन होते. बरं, तीन. पकड झाली म्हणजे तुमचा एकजण परत आत आला. किती झाले?"

माइकवाल्याच्या मागून कोणी म्हणालं, "चार."

"मधल्या तुमच्या चढाया रिकाम्या गेल्या. त्यांच्या पुढच्या चढाईत त्यांनी तुमचे दोन मारले. किती उरले?"

"दोन."

"त्यांच्या त्यापुढच्या चढाईला तुमच्या तिघांनी पकड केली. तीही अव्वल पकड. माइकवर नावं घेतली तिघांची. नाचलात तुम्ही. दोन उरले होते तर तिसरा कुठून आला?"

माइकवाल्याने माइक पाठीमागे धरला. नावं त्यानेच घेतली होती.

"चार होते, तर हिशोब बसतो. चार, एक आला पाच, दोन गेले तीन. तीन होते असं म्हणायचं असेल, तर त्यानंतर तुम्ही एक माणूस जादा खेळवलात. ती पकड बाद होईल, गुण समोरच्यांना जाईल आणि सामना त्यांचा. दोन्हींतलं काय लिहू, अध्यक्षांनी सांगावं."

दीर वळून मंडपाकडे गेले. पंचाला एकदम आठवलं, त्याने एकच बोट दाखवलं होतं. मी तीस-तीसवर सही केली.

बरोबरी झाली की पाच-पाच चढाया असतात. सातही जण मैदानात, कोणी बाहेर जात नाही, नुसते गुण मोजायचे. आमच्या गावाचे पाच झाले, त्यांचे सात. मी तेही लिहिलं आणि सही केली. चषक घेऊन जाताना त्यांच्या कप्तानाने मला नमस्कार केला. तो नसता केला तर बरं झालं असतं, कारण गावाने तोच लक्षात ठेवला.

रोह्याला परतताना मोटारसायकलवर नवरा कोलाडच्या पुढे बोलला. "गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवलीस."

"तुम्ही मोजले होते का?"

"काय?"

"मैदानात किती होते."

"मी कुठं बघत होतो? पाहुण्यांच्या चहाचं बघत होतो."

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्या नऊ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. गोळ्या मात्र माझ्याच हातून घेतल्या. दिवसाला चार, म्हणजे तोंड फिरवून छत्तीस वेळा हात पुढे केला. मुलीचा फोन आला, तिला सगळं आधीच कळलं होतं, कोणाकडून ते मी विचारलं नाही. "आई, तुला हेच करायचं होतं का?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, हो, हेच. ती म्हणाली, पप्पा जेवत नाहीयेत नीट. मी म्हटलं, त्यांनी काल चार पोळ्या खाल्ल्या.

दिरांनी तालुक्याला तक्रार केली. मुख्य पंचांनी मला बोलावून पत्रक बघितलं, समासातले आकडे वरून खालपर्यंत बोट ठेवून वाचले. मग म्हणाले, "चूक काही नाही तुमची. पण गावं आता तुम्हाला बोलवणार नाहीत." ते खरं ठरलं. पुरुषांच्या गावस्पर्धांचं एकही टेबल मला त्यानंतर मिळालेलं नाही. शाळांचे आणि मुलींचे सामने मिळतात. मागच्या हंगामात अकरा मिळाले. हे मला पुरत नाही आणि मी पुरतं असं म्हणणार नाही.

या हिवाळ्यात गावच्या स्पर्धेची भाकऱ्यांची यादी फिरली, तीत आमचं घर नव्हतं. एका घराचं नाव गाळायचं म्हणजे काय, हे गावात सगळ्यांना कळतं. नवऱ्याने यादी दोनदा वाचली. "आपल्याला टाकलं," म्हणाला. जावेने निरोप धाडला, आमच्या वाट्याच्या पंचवीसही तीच करेल, पेणच्या भाकऱ्या नकोत.

पंचवीस भाकऱ्यांना मला सव्वा तास लागतो. स्पर्धेच्या रविवारी मी पाचला उठले नाही, सव्वासहाला उठले. नवऱ्याची पहिली शिफ्ट होती, तो गेलेला. चहा एक कप केला, पत्रकं पिशवीत टाकली आणि पावणेसातची पेणची एसटी धरली. गडबजवळच्या एका शाळेत मुलींचा सामना होता, नऊचा. शिट्टी झाली तेव्हा डाव्या संघाची एक मुलगी यायची होती. मी कोपऱ्यापासून मोजलं आणि समासात सहा लिहिलं.